परत न आलेल्या फायटर विमानाचा छडा कसा लावायचा: पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी

कुणाकडे एक जुना फोटो असतो, कुणाला शेतात नांगरताना ॲल्युमिनियमचा वेडावाकडा तुकडा सापडलेला असतो, कुणी एखाद्या स्मारकावर नाव वाचलेलं असतं आणि ते डोक्यातून जात नाही. सुरुवात कुठूनही होऊ शकते. पुढचा रस्ता मात्र बराचसा सारखाच असतो, म्हणून तो सलग लिहून काढतोय. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश, अमेरिकन आणि थोड्याफार जर्मन विमानांबद्दलच बोलतो, कारण त्यांचे कागद बऱ्यापैकी टिकलेत आणि बाहेरच्या माणसाला बघायलाही मिळतात.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. "त्या विमानाचं काय झालं" हा एक प्रश्न नाहीच, ते चार प्रश्न आहेत: नेमकं कुठलं विमान, कुठं पडलं, का पडलं आणि पायलटचं काय झालं. चौघांची उत्तरं वेगवेगळ्या कागदांत असतात आणि बऱ्याचदा तीन मिळतात, चौथं मिळतच नाही. नवीन माणूस इथंच चुकतो, एकाचं उत्तर मिळालं की तेच बाकीच्या तिघांना चिकटवून टाकतो. वहीत चार पानं करा, प्रत्येक प्रश्नाला एक, आणि सापडेल ते त्या त्या पानावर लिहा.

पायरी १: हातात काय आहे ते वेगळं करा

घरातून आलेली माहिती दोन भागांत लिहा. त्या दिवशी किंवा त्या आठवड्यात कुणीतरी कागदावर उतरवलेलं एका बाजूला, म्हणजे तार, पत्र, लॉगबुक, फोटोच्या मागची ओळ. नंतर सांगोवांगी आलेलं दुसऱ्या बाजूला. ऐकीव गोष्ट खोटी असते असं नाही, पण तिचा आकार बदलत जातो. सगळ्यात हमखास बदल म्हणजे विमानाचा प्रकार, घरोघरी प्रत्येक पायलट स्पिटफायर हे प्रसिद्ध ब्रिटिश फायटरच उडवत असतो. प्रत्यक्षात १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत हरिकेन ही दुसरी ब्रिटिश फायटर विमानं स्पिटफायरपेक्षा जास्त होती, त्यामुळे "स्पिटफायर" हा शब्द ऐकीव रकान्यात टाका आणि कागद सांगेपर्यंत तिथंच राहू द्या.

पायरी २: तारीख पकडा

नावापेक्षा तारीख मोलाची. एकाच आडनावाचे डझनभर पायलट निघतात, पण एका स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या तुकडीचा, एका दिवसाचा कागद एकच असतो. कॉमनवेल्थच्या माणसांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा ऑनलाईन शोध फुकट आहे, तिथं नाव, हुद्दा, सर्व्हिस नंबर, तारीख आणि बहुतेक वेळा स्क्वाड्रनही मिळतो. ज्यांची कबर सापडली नाही त्यांची नावं स्मारकांवर आहेत. ब्रिटन आणि वायव्य युरोपातून निघालेल्यांची इंग्लंडमधल्या रनिमीडला, तिथं २० हजारांवर नावं आहेत. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातल्या लढाईतली बरीचशी इजिप्तमधल्या अलामीनला, बर्मा आणि आग्नेय आशियातली सिंगापूरच्या क्रांजीला. म्हणजे स्मारक कुठलं यावरूनच विमान साधारण कुठल्या भागात गेलं ते कळतं.

पण तारखेवर डोळे झाकून विश्वास नको. पायलट समुद्रात पडला आणि काही आठवड्यांनी प्रेत डेन्मार्क किंवा हॉलंडच्या किनाऱ्याला लागलं तर कबरीवर कधी बेपत्ता झाल्याची तारीख असते, कधी प्रेत सापडल्याची. म्हणून सुरुवातीला तारखेच्या मागचे पुढचे दोन-तीन दिवसही बघायचेच.

पायरी ३: नंबरांची भाषा शिका

इथं थोडा वेळ काढा, कारण पुढं सगळं यावरच चालतं.

ब्रिटिश विमानावर दोन प्रकारची अक्षरं असतात. एक सीरियल, उदाहरणार्थ पी २७२५ किंवा ईटी ५७४, हा त्या विमानाचा जन्मभराचा नंबर. दुसरी मोठी रंगवलेली कोड अक्षरं, दोन स्क्वाड्रनची आणि एक त्या विमानाचं, जसं ईटी ५७४ वर एचएस-बी होतं. कोड अक्षर हे विमानाचं नसतं, जागेचं असतं. "बी" गेलं की पुढच्या आठवड्यात नवीन विमान येतं आणि त्यालाही "बी" रंगवतात. फोटोतल्या कोडवरून विमान ओळखलं असं वाटून मी स्वतः बरेच महिने चुकीच्या विमानामागं फिरलोय, फोटो काढला तेव्हाचं "बी" वेगळं आणि पडलं ते वेगळं होतं. सीरियल मिळाल्याशिवाय पुढं जाऊ नका.

अजून एक, सीरियल सलग नसत. एकूण विमानं किती हे शत्रूला कळू नये म्हणून मध्ये मुद्दाम नंबर गाळलेले असायचे, तेव्हा एखादा नंबर कुठल्याच यादीत नसेल तर तुमचं वाचन चुकलंय का ते आधी तपासा. टाईप करणाऱ्याने एक आकडा इकडचा तिकडे केलेला असणं तर रोजचंच.

अमेरिकन विमानाचा नंबर वर्षापासून सुरू होतो, ४२-६८२२३ म्हणजे १९४२ च्या आर्थिक वर्षातल्या ऑर्डरचं विमान. शेपटीवर रंगवताना वर्षाचा पहिला आकडा गाळायचे, त्यामुळे फोटोत २६८२२३ दिसेल. जर्मन विमानाला कारखान्याचा नंबर असतो, त्याला वेर्कनुमर म्हणतात, आणि शिवाय अंगावर "पिवळा ४" अशासारखा रंगीत आकडा. तो रंगीत आकडासुद्धा कोडसारखाच, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा.

पायरी ४: स्क्वाड्रनची डायरी

ब्रिटनच्या नॅशनल अर्काईव्हज, लंडनच्या क्यू भागात आहे, तिथं एआयआर २७ या मालिकेत स्क्वाड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक आहेत, आणि बरीचशी स्कॅन होऊन ऑनलाईन मिळतात. त्यात दोन फॉर्म असतात. ५४० म्हणजे दिवसाचा सारांश, हवामान, कुठं गेले, काय झालं. ५४१ म्हणजे तपशील, एकेका उड्डाणाची ओळ: विमानाचा सीरियल, पायलटचं नाव, वर गेल्याची वेळ, खाली आल्याची वेळ, शेरा.

५४१ पहिल्यांदा उघडाल तेव्हा घाई करू नका. बारा नावं एकाखाली एक असतात, वर गेल्याची वेळ सगळ्यांची तीच, आणि खाली आल्याच्या रकान्यात अकरा वेळा टाईप केलेल्या असतात, थोड्या थोड्या अंतराने एकेक करून आलेल्या. बाराव्या ओळीत रकाना रिकामा किंवा नुसती एक रेघ. शेऱ्यात दोन-तीन शब्द, परत आला नाही. कितीही पानं बघितली तरी त्या रिकाम्या रकान्यापाशी मी थांबतोच. आणि थांबलंच पाहिजे, कारण कामाची माहिती त्याच्या वरच्या खालच्या ओळीत असते, शेवटचं कुणी बघितलं, किती उंचीवर, ढगात शिरताना की गोत्यात सापडल्यावर, त्याच्या जोडीला कोण उडत होतं. जोडीदाराचं नाव मिळालं की त्याचा कॉम्बॅट रिपोर्ट एआयआर ५० मध्ये आहे का बघा, तिथं त्याने स्वतः सांगितलेली हकीकत असते.

५४० आणि ५४१ एकमेकांशी जुळत नाहीत असंही होतं. डायरी लिहायचं काम अंगावर पडलेला ऑफिसर महिन्याच्या शेवटी एकदम बसून लिहायचा, धावपट्ट्या बदलत असायच्या, माघार चालू असायची. फ्रान्स १९४०, ग्रीस, बर्मा १९४२ इथले कागद तर जाळलेले नाहीतर हरवलेले. डायरीत नोंदच नाही म्हणजे घटना घडलीच नाही असं समजू नका.

पायरी ५: विमानाचं कार्ड आणि माणसाची फाईल

प्रत्येक ब्रिटिश विमानाचं एक कार्ड असायचं, फॉर्म ७८, त्यावर कुठल्या युनिटला कधी गेलं, कधी दुरुस्तीला, शेवट काय. शेवटी एफटीआर दिसलं तर मोहिमेवरून परत आलं नाही, एसओसी दिसलं तर नोंदीतून कमी केलं. कमी केल्याची तारीख आणि पडल्याची तारीख एक नसते, कार्डावर कागद पोचल्याची तारीख पडते आणि लांबच्या आघाडीवर तो कागद पोचायला आठवडेच्या आठवडे लागायचे. परदेशात पाठवलेल्या विमानांची कार्डं तर "इथून रवाना" एवढ्यावरच संपलेली दिसतात. प्रशिक्षणात किंवा घरच्याच हद्दीत अपघात झाला असेल तर फॉर्म ११८० हे अपघाताचं कार्ड बघा, त्यात कारण लिहिलेलं असतं.

माणसाच्या बाजूने सगळ्यात भरीव म्हणजे एआयआर ८१, बेपत्ता आणि मृतांच्या फाईली. त्या टप्प्याटप्प्याने खुल्या होत गेल्यात, तुमच्या तारखेची फाईल आली का ते क्यूच्या कॅटलॉगमध्ये बघत राहायचं. त्यात तारा असतात, घरच्यांची पत्रं असतात, रेड क्रॉसमार्फत जर्मनीकडून आलेली माहिती असते आणि कधी कधी इंजिनाचा नंबरही. इंजिनाचा नंबर दिसला की वेगळ्या शाईने लिहून ठेवा, तो पुढं पायरी ८ ला लागतो.

युद्ध संपल्यावर रॉयल एअर फोर्सची मिसिंग रिसर्च अँड एन्क्वायरी सर्व्हिस युरोपभर फिरली. ४० हजारांहून जास्त माणसं बेपत्ता होती. ही पथकं गावागावात जाऊन पाद्री, पोलीस, कबर खणणाऱ्यांना विचारायची, कबर उघडून कपड्यावरच्या लॉन्ड्रीच्या खुणेवरून नाव शोधायची. त्यांचे रिपोर्ट या फाईलींत सापडतात आणि ते मनापासून केलेलं काम आहे हे वाचताना जाणवतं. अनेकदा तुमच्या प्रश्नाचं उत्तर १९४७ मध्येच कुणीतरी निम्मं शोधून ठेवलेलं असतं.

अमेरिकन विमानासाठी मिसिंग एअर क्रू रिपोर्ट, सगळे त्याला एमएसीआर म्हणतात. १९४३ पासून हे नियमित भरले जायला लागले, त्याआधीच्या काही घटनांचे नंतर तयार केले गेले. विमानाचा सीरियल, इंजिनाचा नंबर, प्रत्येक मशीनगनचा नंबर, शेवटचं ठिकाण, हवामान, साक्षीदारांची लेखी जबानी, सगळं एकाच जागी. पी-४७ हे अमेरिकन फायटर असेल तर आठ गनचे आठ नंबर, पी-५१डी असेल तर सहा. पाडलेल्या अमेरिकन फायटरवर जर्मनांनी स्वतः बनवलेले रिपोर्ट "जे" या अक्षराने सुरू होतात, तेही अमेरिकन नॅशनल अर्काईव्हजमध्ये आहेत आणि त्यात पडल्याची जागा गावाच्या नावासकट असते.

अमेरिकन सैनिकाची सर्व्हिस फाईल मागितली तर ती जळाली असं उत्तर येण्याची तयारी ठेवा, १९७३ च्या जुलैमध्ये सेंट लुईसच्या रेकॉर्ड केंद्राला आग लागली त्यात लाखो फाईली गेल्या. पण मृतांच्या वेगळ्या फाईली, ज्यांना आयडीपीएफ म्हणतात, त्या वाचल्या. मृत्यू झाला असेल तर तीच मागवा.

पायरी ६: समोरच्या बाजूचे कागद

आतापर्यंत जे झालं ते एका बाजूचं म्हणणं. आता पाडणाऱ्याकडे काय लिहिलंय ते बघायचं.

जर्मन हवाई दलाच्या क्वार्टरमास्टर जनरलकडे नुकसानीच्या याद्या जायच्या, त्यात युनिट, जागा, कारण, विमानाचा प्रकार, वेर्कनुमर आणि नुकसान टक्क्यांत. १०० टक्के म्हणजे पूर्ण गेलं, ६० च्या वर म्हणजे साधारण भंगारात. १९४३ अखेरपर्यंतच्या याद्या बऱ्या आहेत, १९४४ पासून मोठी भोकं आहेत. मूळ कागदांसाठी जर्मनीतल्या फ्रायबुर्गचं लष्करी अर्काईव्ह. पूर्व आघाडीसाठी रशियाचा "पाम्यात नारोदा" हा ऑनलाईन संग्रह बघा. जपानी बाजूला मात्र अवघड आहे, ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी ढिगाने कागद जाळले.

मग दावे, म्हणजे कुठल्या पायलटने कुणाला पाडल्याचं सांगितलं. दाव्यावर अवलंबून राहू नका. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं, खरी गेलेली ६० च्या आसपास होती. यात खोटारडेपणा नव्हता, एकाच विमानावर चौघांनी गोळ्या झाडल्या आणि चौघांनी ते पडताना बघितलं असं व्हायचं. म्हणून "या वेळी या भागात एकच दावा आहे, म्हणजे तोच" असं म्हणण्याआधी त्या भागात त्या तासात पडलेल्या सगळ्या विमानांची यादी करा, दोन्ही बाजूंची, आणि एकेक जुळवत जा. उरेल ते तुमचं असण्याची शक्यता आहे, एवढंच म्हणायचं.

आणि घड्याळ! यावर किती जणांची गाडी अडते. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन घड्याळ ब्रिटिश घड्याळाच्या एक तास पुढं होतं. १९४१ च्या मे महिन्यात ब्रिटनने घड्याळ आणखी एक तास पुढं नेलं आणि दोन्ही सारखी झाली, ऑगस्टमध्ये परत मागे घेतलं की पुन्हा एका तासाचा फरक. म्हणजे एकाच वर्षात जुलैची लढाई सरळ जुळते आणि सप्टेंबरची जुळत नाही. तारखेप्रमाणे फरक काढून स्प्रेडशीटमध्ये दोन्ही वेळा ग्रीनिचच्या वेळेत बदलून घ्या, नाहीतर बरोबर दावा हातातून निसटेल आणि चुकीचा गळ्यात पडेल.

पायरी ७: नकाशा

त्या काळचा नकाशा घ्या, आजचा नको, गावांची नावं आणि सीमा बदलल्यात. शेवटचं दिसलं ती जागा, दिशा, इंधन किती तास पुरणार, वारा कुठून, हे सगळं मांडा. फायटर विमानात नॅव्हिगेटर नसतो, एकटा माणूस गुडघ्यावर नकाशा ठेवून उडतो, त्यामुळे चुकीच्या दिशेने गेला तर त्याला सांगणारं कुणी नसतं.

ईटी ५७४ चं तेच झालं. हे २६० स्क्वाड्रनचं किटीहॉक, म्हणजे अमेरिकन बनावटीचं फायटर, २८ जून १९४२, फ्लाईट सार्जंट डेनिस कॉपिंग ते दुरुस्तीसाठी एका धावपट्टीवरून दुसरीवर नेत होते, लढाईसुद्धा नव्हती. दिशा चुकली. २०१२ मध्ये तेलशोधाच्या कामावरच्या पोलिश लोकांना ते इजिप्तच्या वाळवंटात दिसलं, वस्तीपासून फार फार दूर, जवळजवळ अखंड. पॅराशूटचे अवशेष जवळ होते, म्हणजे माणूस उतरताना वाचला होता आणि त्याने सावली करायचा प्रयत्न केला होता असं दिसतं. आता चार पानं बघा. कुठलं विमान, लागलं. कुठं, लागलं. का, बऱ्यापैकी. पायलटचं काय झालं हे पान अजून उघडंच आहे, त्यांचं नाव अलामीनच्या स्मारकावर आहे.

पायरी ८: जागेवरचा पुरावा

आधी कायदा, मग फावडं. ब्रिटनमध्ये १९८६ च्या प्रोटेक्शन ऑफ मिलिटरी रिमेन्स ॲक्टप्रमाणे तिथं पडलेलं कुठलंही लष्करी विमान आपोआप संरक्षित आहे, संरक्षण मंत्रालयाच्या लायसन्सशिवाय हात लावणं गुन्हा. मानवी अवशेष असण्याची शक्यता असेल किंवा न फुटलेला दारूगोळा भरपूर असेल तर लायसन्स सहसा देत नाहीत. बुडालेल्या अमेरिकन लष्करी विमानांसाठी २००४ चा वेगळा कायदा आहे. बाकी देशांत स्थानिक नियम विचारा, जमिनीच्या मालकाची परवानगी ही तर पहिली गोष्ट आणि ती पुरेशी नसते.

हे नुसतं कागदी नियम म्हणून सांगत नाही. फायटरमधल्या २० मिलिमीटरच्या गोळ्या ऐंशी वर्षांनीही फुटू शकतात, आणि डायलवरच्या चमकणाऱ्या आकड्यांत रेडियम असतं, फुटका डायल उघड्या हाताने पुसत बसू नका.

विमान उभं आदळलं असेल तर वर थोडे पत्रे आणि इंजिन कित्येक मीटर खाली असतं. वर सापडलेल्या तुकड्यांत नंबर शोधा. कारखान्याचा पार्ट नंबर फक्त प्रकार सांगतो, स्पिटफायरच्या पार्टवर सुरुवातीला ३०० असेल तर मूळ मार्क एकचं (म्हणजे पहिल्या आवृत्तीचं) डिझाईन, ३६१ असेल तर मार्क नऊ. पण जुन्या डिझाईनचे पार्ट पुढच्या मॉडेलमध्ये तसेच वापरले जायचे, म्हणून ३०० दिसलं की लगेच मार्क एक म्हणू नका, मात्र ३६१ दिसलं तर मार्क एक नक्कीच नाही. इंजिनाची पट्टी किंवा गनचा नंबर मिळाला की तो पायरी ५ मधल्या कागदाशी लावा. कागदाला लोखंड जुळलं की "कुठलं" हे पान पूर्ण.

याचं सगळ्यात नीट उदाहरण आंत्वान द सेंतेक्झुपेरी या फ्रेंच लेखक-पायलटचं. ३१ जुलै १९४४ ला ते कॉर्सिकाहून एफ-५ घेऊन टेहळणीला गेले, हे पी-३८ लायटनिंगचंच फोटो काढणारं रूप, आणि परत आले नाहीत. १९९८ मध्ये मार्सेयजवळच्या समुद्रात एका मच्छीमाराच्या जाळ्यात त्यांचं नाव असलेलं ब्रेसलेट आलं. पुढं पाणबुड्याला त्याच भागात लायटनिंगचे अवशेष दिसले, २००३ मध्ये तुकडे वर काढले. ब्रेसलेट होतं, जागा पटत होती, तरी कुणी निकाल दिला नाही. एका तुकड्यावर हाताने कोरलेलं मिळालं: २७३४ एल. एल म्हणजे डावीकडचा. २७३४ हा लायटनिंग बनवणाऱ्या लॉकहीडच्या कारखान्यातला अनुक्रम आणि तो ४२-६८२२३ या सीरियलशी जुळतो, म्हणजे त्या दिवशी त्यांनी नेलेलं विमान. २००४ मध्ये जाहीर झालं. चार आकडे आणि एक अक्षर, तेही कारखान्यातल्या कुठल्यातरी कामगाराने डावा उजवा गोंधळ होऊ नये म्हणून कोरलेलं.

पण पुढं बघा. २००८ मध्ये एका वृद्ध माजी जर्मन पायलटने सांगितलं की मीच ते पाडलं. त्याच्या बोलण्याला आधार देणारा त्या दिवसाचा जर्मन कागद सापडत नाही. म्हणजे "कुठलं" आणि "कुठं" पक्कं, "का" हे पान आजही कोरं ठेवावं लागतं. कितीही मोहात पाडणारी कहाणी असली तरी.

आणि कधी कधी चारही पानं भरतात. पी २७२५ हे हरिकेन १५ सप्टेंबर १९४० ला लंडनवर डॉर्नियर या जर्मन बॉम्बरला धडकलं आणि बकिंगहॅम पॅलेसजवळच्या रस्त्यात घुसलं. पायलट रे होम्स पॅराशूटने उतरून वाचले, आणि २००४ मध्ये रस्ता उकरून इंजिन वर काढलं तेव्हा ते स्वतः हयात होते.

पायरी ९: हाड दिसलं तर, आणि घरच्यांना सांगताना

खणताना, समुद्रात किंवा नुसत्या शेतात, हाड, पॅराशूटचं कापड, बूट, हार्नेस असं काही दिसलं तर तिथंच थांबा. फोटो काढून कुठं टाकू नका. आधी पोलीस, मग त्या देशाचं लष्करी खातं, ब्रिटनचं असेल तर संरक्षण मंत्रालयाचं जेसीसीसी हे केंद्र, अमेरिकेचं असेल तर बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारी डीपीएए ही संस्था. घरच्यांना कळवणं हे त्यांचं काम आहे, बातमी आधी तुमच्याकडून बाहेर गेली तर कुणाची तरी ऐंशीतली बहीण ती मोबाईलवर वाचेल.

अवशेषांचा प्रश्न नसेल आणि तुम्हीच घरच्यांशी बोलत असाल तर चार पानांच्या क्रमाने सांगा, काय पक्कं आहे, काय संभवतं, काय माहीत नाही. "त्याला काही कळलंच नसेल, लगेच गेला" असं धीर द्यायला म्हणू नका, कागदात तसं असेल तरच म्हणा. घरचे प्रत्येक शब्द जपून ठेवतात आणि तोच पुढच्या पिढीचा ऐकीव रकाना होतो.

शेवटी फाईल लावा. प्रत्येक कागदाचा अर्काईव्ह नंबर, पान, स्कॅन, आणि त्यासोबत तुम्ही तपासून बाद केलेल्या विमानांची यादी, का बाद केलं त्या कारणासकट. ही यादी टाकून देण्याचा मोह होतो, देऊ नका. एक प्रत जिथं विमान पडलं त्या भागाच्या संग्रहालयाला द्या. दहा वर्षांनी तिथं कुणाच्या तरी नांगराला एक पट्टी लागेल, तिच्यावर इंजिनाचा नंबर असेल, आणि तो बघायला तुमची फाईल कपाटात असली पाहिजे.